भीती : निरंक

चुका माणसाच्या हातून होतात. माझ्या हातून फारशा झाल्या नाहीत. एक झाली, आणि ती अशी झाली की तिला सरकारी क्रमांक पडला. आज तुम्ही सगळे हट्टालाच पेटला आहात तर सांगतो. चहा गार होऊ देऊ नका. मध्ये हसायचं नाही. हसण्यासारखं त्यात काही नाही.

मी चौथी पास. नागपूरच्या सचिवालयात दफ्तरी होतो. दफ्तरी म्हणजे काय, ते आजकाल सांगावं लागतं. कारकून लिहितो, साहेब सही करतो, चपराशी नेतो. पण कागद शेवटी जातो कुठे? दफ्तऱ्याकडे. तो त्याला भोक पाडतो, शिवतो, बस्त्यात म्हणजे कापडी गाठोड्यात बांधतो, फळीवर ठेवतो. वीस वर्षांनी कुणी मागितला तर काढून देतो. माझ्या कमरेला रेकॉर्ड रूमच्या किल्ल्यांचा जुडगा असायचा. अकरा किल्ल्या. नागपुरात मी डोळे मिटून हात घालायचो आणि मागितलेली नस्ती हातात यायची. नस्ती म्हणजे फाइल. साहेब लोक पाहुण्यांना घेऊन हे बघायला यायचे. बढाई नाही, विचारा कुणालाही. आता विचारायला कुणी राहिलं नाही, ती गोष्ट वेगळी.

मग राज्यांची फेरमांडणी झाली. नागपूर मुंबईच्या राज्यात गेलं आणि आमचं सचिवालय भोपाळला. ज्यांना नागपूर सोडवेना त्यांनी अर्ज-विनंत्या केल्या. मी केल्या नाहीत. दफ्तर जिथे, दफ्तरी तिथे. सगळं रेकॉर्ड पेट्यांत भरलं, प्रत्येक पेटीवर माझ्या हाताने आकडा घातला आणि त्याच गाडीने आलो. बायकोला बैरागडच्या बरॅकीत उतरवलं. तिथे आमच्यासारखी कितीतरी बिऱ्हाडं होती, मध्ये नुसती पडद्यासारखी भिंत. एकाने शिंक दिली की चार घरांतून ‘सत्य आहे’ यायचं.

ऑफिस मिळालं नवाबाच्या एका जुन्या इमारतीत. खाली तलाव. जागा सुंदर, असं सगळे म्हणायचे. मी जागेकडे पाहिलं नाही. मी पेट्यांकडे पाहिलं. हमालांनी त्या कशाही उतरवून, कशाही फोडून, बस्ते मिळेल त्या फळीवर कोंबले होते. आकडे पेट्यांवर होते. पेट्या चुलीत गेल्या होत्या.

पहिला सोमवार उजाडला. सोमवारी साहेब आठवड्याच्या नस्त्या मागवायचे. साहेब म्हणजे आमचे उपसचिव, मूळचे जबलपूरकडचे, पण उभी नोकरी नागपुरात काढलेली, त्यामुळे मराठी तुमच्या-माझ्यासारखी. त्यांची चिठ्ठी आली. मी रेकॉर्ड रूमचं कुलूप उघडायला किल्ली घातली, आणि छातीत काहीतरी सुटलं. टांग्याचा घोडा उधळावा तसं. हातपाय गार, कपाळावर घाम, श्वास आत जाईना. मला वाटलं, संपलं. दोन फळ्यांच्या मधल्या बोळात जाऊन बसलो आणि मरणाची वाट पाहिली. पाव तास पाहिली. आलं नाही. मग उठलो आणि नस्ती शोधली. ती बुधवारी सापडली.

पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याही.

कुणाला सांगितलं नाही. का? त्याच महिन्यात आमच्यातल्या एका चपराशाला चक्कर आली होती. त्याला मेडिकल बोर्डापुढे उभं केलं. बोर्डाने ‘अयोग्य’ लिहिलं. आठ दिवसांत त्याने पट्टा-बिल्ला जमा केला आणि गावी गेला. मला पेन्शनला तीन वर्षं होती. पेन्शनचं सोडा. पण कुणीतरी माझ्या कमरेचा जुडगा काढून घेणार आणि दुसऱ्या कुणाला देणार, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. जुडगा राहिला पाहिजे. बाकी छातीत घोडा उधळो की हत्ती.

बायकोला संशय आला होता. ती म्हणाली, “काहून हो, सोमवारी डबा तसाच परत येते तुमचा?”

मी म्हटलं, उपास करतो.

“कोणाचा?”

“महादेवाचा.”

“नागपुरात कधी केला असता तर समजली असती. अचानक कसा काय आठवला महादेव?”

घरात प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायची माझी पद्धत नाही.

इथपर्यंत माझी काही चूक नाही, हे ध्यानात घ्या. आता बाई येतात.

इंदूरच्या एक बाई होत्या, कुमारी विमल केळकर. वय सव्वीस-सत्तावीस, चष्मा, हातात छत्री, पायात पुरुषी चपला. मानसशास्त्राचा प्रबंध लिहीत होत्या. विषय, घबराट. आपलं गाव सोडून नव्या गावी नोकरीला आलेल्या माणसांना घबराटीचे झटके येतात का, कधी येतात, कशाने येतात. साहेबांची परवानगी काढून त्यांनी तीन शाखांत छापील प्रश्नावली वाटली: लेखा शाखा, टपाल शाखा आणि आमची रेकॉर्ड शाखा. आमच्या शाखेत दफ्तरी, चपराशी, झाडलोटीचे फर्राश, पाण्याचे भिस्ती धरून चाळीस माणसं नागपूरची. चाळीस कागदांचा गठ्ठा माझ्या टेबलावर आला.

मी वाचायला घेतला. वाचता मला उत्तम येतं.

‘विनाकारण छातीत धडधडते का? हातपाय गार पडतात का? श्वास कोंडतो का? आपण आता मरणार असे वाटते का? असे ठरावीक दिवशी किंवा ठरावीक ठिकाणी होते का?’

माझा सोमवार होता तो. ओळीने लिहून काढलेला. फक्त महादेव तेवढा राहिला होता.

मी विचार केला, ही बाई मला कधी भेटली नाही, मग हिला कुणी सांगितलं? सांगणारा कुणी नव्हता, तेव्हा हे सरकारचंच काम. मेडिकल बोर्डाने जाळं टाकलं आहे. आणि पुरावा पाहिजे तर वरच्या कोपऱ्यात होता. तिथे लिहिलं होतं, ‘नाव लिहू नये. उत्तरे गुप्त राहतील.’

आता तुम्हीच सांगा. सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी असा एक कागद पाहिला नव्हता की ज्यावर सरकारला नाव नको. नाव, बापाचं नाव, गाव, तालुका, अंगावरची खूण. आणि इथे म्हणे नाव नको. ज्याला नाव नको असतं त्याला ते आधीच माहीत असतं. आणि ‘गुप्त’चं म्हणाल, तर आमच्याकडे ज्या लखोट्यावर ‘गुप्त’ असायचं तो भिस्तीसुद्धा आधी वाचायचा.

दुपारच्या सुट्टीत मी चाळीस जणांना बाहेर पिंपळाखाली बसवलं आणि काय ते समजावून सांगितलं. सगळ्यांचे चेहरे उतरले. पांडुरंग म्हणून एक चपराशी होता, स्वभावाने गरीब. तो म्हणाला, “मारोतराव, खरं सांगू का? माझा तर रोजच जीव घाबरा होतो. तलाव पाहिला की होतो. लिहून टाकू का? मन मोकळं होईल.”

मी म्हटलं, “घाबरतोस तर घाबर. कागदावर घाबरू नकोस.”

“पण खरं तर ते आहे.”

“खरं काय ते घरी. ऑफिसात कागदावर असेल ते खरं.”

हे वाक्य नीट लक्षात ठेवा. मी ठेवायला हवं होतं.

शफी मियाँ बाजूला उभा होता. तो इथलाच, भोपाळचा, आमच्या शाखेत दारावर बसायचा. त्याला कागद मिळाला नव्हता, कारण तो कुठून आलाच नव्हता. तो म्हणाला, “को खाँ, चालीस आदमियों से पूछ लिया, हमसे नईं पूछा. हम क्या डरते नईं?” त्याला खरंच वाईट वाटलं होतं.

आता चाळीस जणांना लिहायला लावायचं तर अक्षर ओळखू येणार. अक्षर ओळखण्यात बोर्डाचे लोक पटाईत असणार. माझ्याकडे मात्र उपाय होता.

दर महिन्याला वरून विवरणपत्रं यायची. या महिन्यात किती नस्त्या गहाळ झाल्या? किती वाळवीने खाल्ल्या? किती आगीत गेल्या? प्रत्येक रकान्यात मी एकच उत्तर द्यायचो: निरंक. म्हणजे काही नाही. सगळ्या सरकारी शब्दांत हा मला सर्वांत आवडतो. लहान आहे आणि त्याच्यापुढे प्रश्न येत नाही. तो इतका लागायचा की मी त्याचा रबरी शिक्का करून घेतला होता.

एका दुपारी मी चाळीस कागदांवर, दोन्ही बाजूंनी, प्रत्येक प्रश्नापुढे शिक्का मारला. सरळ रेषेत. एकही शिक्का फिका नाही. मग कागदांना क्रमांक दिले, लाल फीत बांधली, वर आवरणपत्र जोडलं: ‘विषय – भीती. विषयांकित बाब या शाखेत निरंक आहे.’ जावक नोंदवहीत नोंद केली आणि पाठवून दिलं. इतकं नेटकं काम माझ्या हातून क्वचित झालं असेल.

चार दिवसांनी बाई स्वतः आल्या. गठ्ठा छातीशी धरून. मला वाटलं शिक्क्याबद्दल विचारतील. त्या तसं काही बोलल्या नाहीत. त्या माझ्याकडे देवळातल्या मूर्तीकडे पाहावं तशा पाहत राहिल्या.

“मारोतराव, तुमच्या शाखेत एकालाही भीती वाटत नाही?”

“नाही.”

“कधीच?”

“मागच्या महिन्यातही निरंक होती.”

त्यांनी ते लिहून घेतलं. मग सांगितलं की लेखा शाखेने जागा पुरली नाही म्हणून वेगळे कागद जोडले आहेत. एकाने तर सासूबद्दल चार पानं लिहिली आहेत. टपाल शाखेत दोघं लिहिता लिहिता रडले. आणि इथे चाळीस माणसं, तोच प्रवास, तीच बरॅक, तेच ऑफिस, पण भीती नाही. असं पुस्तकात कुठेच नाही. याचं कारण कळलं तर प्रबंधाला नवीन प्रकरण जोडता येईल.

“कशामुळे असेल?” त्यांनी विचारलं.

इथे मी गप्प बसलो असतो तर आज हा चहा आपण दुसऱ्या कशावर तरी बोलत प्यायलो असतो. पण शिकलेली बाई समोर पेन उघडून बसली होती, आणि माझ्या तोंडून पडेल ते लिहून घेत होती. तुमच्यासमोर कुणी असं बसलं आहे का? बसलं म्हणजे कळेल.

मी म्हटलं, “शिस्त.”

“कसली?”

मी सांगितली. पहाटे थंड पाण्याने आंघोळ. पाठ ताठ. दुपारी झोप नाही. मनात वाईट विचार आला की त्याला आत घ्यायचं नाही, दारातच विचारायचं, तुझा जावक क्रमांक काय? क्रमांक नसलेला कागद आम्ही घेत नाही, तसा विचारही घेत नाही. हे मी तिथल्या तिथे रचलं. माझं मलाच इतकं पटलं की पुढे मी ते पांडुरंगालाही सांगितलं. तो म्हणाला, तुमचं बरं आहे, माझ्याकडे ते न विचारताच शिरतात.

बाई गेल्या आणि त्यांनी साहेबांकडे एक टिपण पाठवलं. त्यात लिहिलं की लेखा आणि टपाल शाखेची माणसं फार त्रासात आहेत, त्यांना उजेड आणि वारा येईल अशा खोल्या द्याव्यात, घरी जाऊन यायला रजा द्यावी. रेकॉर्ड शाखेच्या बाबतीत अशी काही गरज नाही.

त्याच सुमाराला खोल्यांचं वाटप चाललं होतं. इमारतीत वरच्या मजल्यावर तलावाच्या बाजूला दोन मोठी दालनं होती आणि खाली एक तळघर होतं. नवाबाच्या वेळी तिथे घोड्यांचं सामान असायचं. खिडकी एक, तीही छताजवळ, वीतभर. जायला कुणी तयार नव्हतं. कुणी साप म्हणे, कुणी आणखी काही म्हणे. साहेब पेचात होते. टिपण आलं आणि त्यांचा पेच सुटला. लेखा वर, टपाल वर. मला बोलावून ते म्हणाले, “मारोतराव, तुमच्या लोकांचं मला कौतुक वाटतं. तळघर तुम्हाला.”

मी ‘जी’ म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

पांडुरंगाने रजेचा अर्ज टाकला होता, जीव घाबरतो म्हणून. तो परत आला. वर शेरा होता, ‘शाखेच्या अहवालाशी विसंगत.’ पांडुरंग रोज दुपारी तलाव दिसणार नाही अशा ठिकाणी माझ्याच शेजारी बसून डबा खायचा आणि एकेक घास मोजून चावायचा. त्यापेक्षा त्याने दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आम्ही बस्ते तळघरात नेले. ते पुन्हा मिसळले, हे सांगायला नको. आता माझा सोमवार रविवारीच सुरू व्हायला लागला. किल्ली कुलपात घातली की घोडा सुटायचा, आणि आत गेलं की तो बाहेर पडायला जागाच नाही. पण जुडगा कमरेला होता. मी स्वतःला तेवढंच सांगायचो.

आणि मग बाईंनी शेवटचा घाव घातला. त्यांच्या कॉलेजातले दोन प्राध्यापक इंदूरहून येणार होते. त्यांच्यापुढे, साहेबांच्या आणि इतर अधिकाऱ्यांच्या समोर, बाईंना एक प्रात्यक्षिक दाखवायचं होतं. एक घाबरणारा माणूस आणि एक न घाबरणारा, दोघांना शेजारी बसवून प्रश्न विचारायचे आणि दंडाला पट्टा बांधून रक्ताचा दाब बघायचा. घाबरणारा लेखा शाखेतला, सासूवाला. न घाबरणारा मी.

“तुम्ही नाही म्हणणार नाही ना?” त्या म्हणाल्या. “सगळं प्रकरण तुमच्यावर उभं आहे.”

नाही म्हटलं तर संशय. मी हो म्हटलं.

घरी सांगितलं. बायको कोटाला इस्त्री करत होती. ती थांबली. “न घाबरणारा माणूस म्हणून बसवणार तुम्हाला?”

“हो.”

“अन् पाल दिसली तर पाटावर चढून कोण उभं राहते?”

“पाल वेगळी.”

“बरं. तिथे पाल नसली म्हणजे मिळवली.” तिने इस्त्री पुढे ढकलली. मग कोट हातात देताना, माझ्याकडे न बघता म्हणाली, “सोमवारी आहे काय हे?”

सोमवारीच होतं.

सभागृह भरलं होतं. समोर टेबल, त्यामागे साहेब आणि दोन प्राध्यापक. टेबलावर लाकडी पेटीतलं यंत्र, काचेच्या नळीत पारा. मी कोट, टोपी, कमरेला जुडगा, असा खुर्चीत बसलो. पाठ ताठ. सासूवाल्याचं आधी झालं. त्याचा पारा चढला, सगळ्यांनी माना डोलावल्या, तो सुटून खाली येऊन बसला आणि कुणाची तरी तपकीर मागून ओढायला लागला. त्याचं काम झालं होतं. त्या क्षणी मला त्याच्याइतका सुखी माणूस जगात दिसला नाही.

बाईंनी माझ्या दंडाला पट्टा बांधला. रबरी फुगा दाबून वारा भरला. पट्टा आवळत गेला. एका माणसाने सभागृहाची दारं लावली, बाहेरचा आवाज येतो म्हणून.

बाईंनी पहिला प्रश्न वाचला, “विनाकारण छातीत धडधडते का?”

मी म्हटलं, “नाही.”

बाईंनी पाऱ्याकडे पाहिलं. मग माझ्या मनगटावर बोटं ठेवून घड्याळाकडे पाहिलं. मग पुन्हा पाऱ्याकडे. त्यांना वाटलं यंत्र बिघडलं. त्यांनी ते बोटाने टिचकी मारून पाहिलं.

“हातपाय गार पडतात का?”

“नाही,” मी म्हटलं. माझा हात त्यांच्याच हातात होता. त्यांनी त्या हाताकडे पाहिलं आणि अगदी हळू, ओठ न हलवता म्हणाल्या, “मारोतराव, थांबू या का?”

“निरंक,” मी म्हटलं.

ते त्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, हे मलाही कळलं. पण तोंडातून दुसरं काही निघेना. त्यांनी तिसरा प्रश्न विचारला नाही. साहेब पुढे झुकून म्हणाले, “काय, आकडा किती?” बंद दारं, सगळ्यांचे डोळे माझ्या दंडावर, आणि आत घोडा. त्याने लगाम तोडला.

मी उभा राहिलो. शांतपणे म्हटलं, “जरा नस्ती बघून येतो.” आणि चालू लागलो.

पळालो नाही. हे लोक नंतर पळाला म्हणायचे, ते खोटं आहे. भरभर चाललो. फक्त दंडाचा पट्टा सोडायचा राहिला, आणि पट्ट्याला नळी होती, नळीला पेटी होती. पेटी टेबलावरून खाली आली, फुटली, आणि पाऱ्याच्या गोळ्या सगळीकडे धावल्या. साहेबांनी दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. मी तोपर्यंत दाराशी पोचलो होतो, अर्धी पेटी मागे फरफटत येत होती आणि कमरेला अकरा किल्ल्या वाजत होत्या. दाराबाहेर शफी मियाँ होता. त्याने दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं, आणि काही न विचारता पेटी उचलून माझ्या मागे चालू लागला. वरातीत मागे दिवा धरतात तशी.

कुठे गेलो असेन? तळघरात. ज्या खोलीची भीती, तिथेच. दोन फळ्यांच्या मध्ये, नेहमीच्या जागी.

थोड्या वेळाने बाई आल्या. समोरच्या बस्त्यावर बसल्या. माझ्या दंडाचा पट्टा सोडला, घडी केली, मांडीवर ठेवला. रागावल्या असतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, श्वास हळू सोडा, सोडताना आकडे मोजा. मी मोजले. सत्तरपर्यंत गेल्यावर घोडा चालीवर आला.

“याने माणूस मरत नाही,” त्या म्हणाल्या. “वाटतं, पण मरत नाही.”

“हे मला कळलंय. मी दर सोमवारी बघतो.”

“कशाची भीती वाटते?”

एवढ्या प्रश्नांत हा एकच प्रश्न मला त्या दिवसापर्यंत कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, “साहेब नस्ती मागतील आणि मला सापडणार नाही.”

त्यांनी चष्मा पुसला. “हे लिहायचं होतं ना त्या कागदावर. नाव नव्हतं मागितलं मी.”

“म्हणूनच नाही लिहिलं.”

मग मी बोर्डाचं सांगितलं, जुडग्याचं सांगितलं, शिक्क्याचं सांगितलं. चाळीसचे चाळीस कागद माझे, हेही. त्यांनी मांडीवरच्या पट्ट्याची घडी उलगडली आणि पुन्हा घातली. त्यांच्या तीन महिन्यांच्या कामाचं एक प्रकरण माझ्या शिक्क्याखाली गेलं होतं. मग एवढंच म्हणाल्या, “शिक्के मात्र सुरेख मारलेत. सगळे सरळ रेषेत. मी त्यावर एक परिच्छेद लिहिला होता.” त्यांनी सांगितलं की प्रबंधाचा आणि मेडिकल बोर्डाचा काही संबंध नाही. खरं काय ते साहेबांना लिहून द्या, तुम्हाला आणि तुमच्या लोकांना वरची खोली मिळेल, पांडुरंगाला रजा मिळेल.

तेव्हा मी नोकरीत पहिल्यांदा स्वतःच्या हाताने अर्ज लिहिला. शिक्का नाही, अक्षर. लिहिलं की मला भीती वाटते. शाखेतल्या इतरांनाही वाटते. पांडुरंगाला तलावाची वाटते. आधीचा अहवाल माझ्या एकट्याच्या चुकीने गेला. तळघर बदलून मिळावं, पांडुरंगाला रजा मिळावी. खाली नाव, बापाचं नाव, गाव, तालुका, सगळं लिहिलं. तो कागद वर नेऊन देताना माझे हात गार होते, पण दिला.

साहेबांनी वाचला. मला बसायला सांगितलं, हेही पहिल्यांदाच.

ते म्हणाले, “मारोतराव, तुम्हाला भीती वाटते हे मला मान्य आहे. मी डोळ्यांनी पाहिलं. माझ्या बुटातून अजून पारा निघतो.”

“जी.”

“पण कागद काय म्हणतो?”

मी कमरेच्या जुडग्यावर हात ठेवला.

“चाळीस निवेदनं. जावक क्रमांकासह. भीती निरंक. त्याच्यावर वाटप झालं, वाटप वर कळवलं, वरून मंजुरी आली. आता भीती आहे म्हणायचं तर आधीचे चाळीस कागद खोटे होतात. सरकारी कागद खोटा केल्याची चौकशी लावू का? त्यात तुमचा जुडगा राहणार नाही.”

“नको.”

“मग?”

खरं काय ते घरी, मी मनात म्हटलं. ऑफिसात कागदावर असेल ते खरं.

पांडुरंगाचं त्यांनी केलं. आजीच्या आजारपणासाठी म्हणून पंधरा दिवसांची रजा दिली. त्याची आजी वारून बारा वर्षं झाली होती, पण तिच्याबद्दल निरंक असं कुठे लिहिलेलं नव्हतं. माझ्या अर्जावर त्यांनी शेरा मारला: ‘अभिलेखानुसार सदर शाखेत भीती निरंक. अर्ज नस्तीबद्ध करावा.’ नस्तीबद्ध करावा म्हणजे फाइलला लावून ठेवून द्यावा.

ठेवून कुणी द्यावा? दफ्तऱ्याने.

मी तो कागद खाली तळघरात आणला. भोक पाडलं, शिवला, चाळीस निरंकांच्या वर लावला, बस्त्यात बांधला, फळीवर ठेवला. पुढची तीन वर्षं तिथेच काढली. शफी मियाँने आपलं स्टूल तळघराच्या दारात आणून ठेवलं आणि दर सोमवारी मी किल्ली घातली की तो मोठ्याने आकडे मोजायचा. जुडगा पेन्शनपर्यंत माझ्याच कमरेला राहिला. माझी मागणी तेवढीच होती, ती सरकारने पूर्ण केली.

बाकीच्या नस्त्या मला शेवटपर्यंत शोधाव्या लागल्या. त्या तळघरात डोळे मिटून हाताला यायची अशी एकच होती.